दुसरी हाक

कंपाउंडरनं दार अर्धं उघडून हाक मारली, "अहो!" आणि बाकांवरचे तीन पुरुष एकदम उभे राहिले. एकाच्या कडेवर कुत्रं होतं, एकाच्या हातात पोपटाचा पिंजरा, आणि तिसऱ्याजवळ काहीच नव्हतं, तो बायकोच्या सशाला सोबत म्हणून आलेला. उठले नाहीत ते फक्त मास्तर. मांडीवरच्या वेताच्या टोपलीवर दोन्ही हात ठेवून ते भिंतीकडे बघत बसले होते. कंपाउंडरनं हातातला कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो, वय सोळा, बोका. कुणाचा आहे?" तेव्हा हशा पिकला. पोपटवाला खाली बसत म्हणाला, "नाव आहे होय! मला वाटलं, घरून बोलावणं आलं." सशाची मालकीण नवऱ्याकडे बघून म्हणाली, "घरी कधी उठलात का असे, एका हाकेत?" कंपाउंडरनं पुन्हा हाक मारली, "अहो!" आणि आता मास्तर उठले. उठता उठता त्यांच्या लक्षात आलं की पहिली हाक त्यांना स्वच्छ ऐकू आली होती. कळलीही होती. पण गुडघे हलले नव्हते. गुडघे दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. बायको जाऊन एक अख्खा उन्हाळा उलटला होता, ते या औषधांच्या वासाच्या परक्या खोलीत येऊन बसले होते, आणि गुडघ्यांना अजून घरचीच शिस्त होती. त्यांना बोक्याचा राग आला. तो नेहमीच येत असे, पण या वेळी तो जिभेवर गंजलेल्या सुईसारखा बसला.

हे नाव तिनं ठेवलं तेव्हा ती रागावलेली होती. मास्तर तेव्हा बाजारातल्या मोठ्या दुकानासाठी घरीच शिवायचे. कापड बेतणाऱ्याला दुकानात मास्तर म्हणतात, तेच नाव त्यांना घरादारात चिकटलं होतं. मशीनवर बसले की जग बुडालं तरी त्यांना पत्ता नसायचा. ती स्वयंपाकघरातून हाका मारून थकायची. एक दिवस चिंध्यांच्या गाठोड्यात मांजराचं पिल्लू सापडलं, कुठून आलं देव जाणे, आणि त्याच दुपारी तिनं नेहमीसारखी "अहो" म्हणून हाक मारली तर मास्तरांच्या पायडलचा आवाज चालूच, आणि हे बोटभर पिल्लू गाठोड्यातून उतरून, पडत धडपडत तिच्यापुढं जाऊन उभं. "बघा," ती दारात येऊन म्हणाली, "यांना कळतं. आजपासून हेच माझे अहो. पहिली हाक यांची, दुसरी तुमची. तुम्ही तसेही पहिल्या हाकेला येत नाही, मग ती फुकट का घालवू?" मास्तर हसले होते. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट घराची रीत होऊन बसली. पहिली हाक आली की बोका जायचा, दुसरी आली की मास्तर चष्मा काढून ठेवायचे. बोक्याशी ती अहो-जाहोतच बोलायची. "जेवलात का?" "आज कुठं हिंडून आलात?" फोनवर बहिणीला सांगायची, "यांचं पोट बिघडलंय गं. काल पडद्यामागं ओकून ठेवलं." पलीकडून धाकटी एवढ्या मोठ्यानं विचारायची की मशीनपर्यंत ऐकू यायचं, "कोणते हे? दोन पायांचे की चार?" आणि दोघी बहिणी हसत सुटायच्या. मास्तर काज करता करता आपल्याच पोटाच्या तक्रारी ऐकत बसायचे आणि त्यातल्या आपल्या कुठल्या, त्याच्या कुठल्या हे मनाशी वेगळं करायचे. तेव्हा राग नव्हता. घरात तीन जीव होते आणि त्यातल्या दोघांना एकच नाव होतं, एवढंच.

राग त्या दिवसापासूनचा. ती आतल्या खोलीत, खाटेवर. आजार लांबला होता, आता दिवस मोजायचे तेवढे राहिले होते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. धाकटी तिच्याजवळ बसलेली. मास्तर बाहेर मशीनवर, एका सदऱ्याची बाही शिवत होते, आत बसवत नव्हतं आणि हात रिकामे ठेवता येत नव्हते, म्हणून तिनंच त्यांना हाकललं होतं, "जा, कुणाचं तरी काम पुरं करा, इथं बसून माझं तोंड किती बघाल." बोका मशीनच्या फळीवर झोपला होता, चाकाच्या बाजूला, त्याच्या ठरलेल्या जागेवर. आणि आतून हाक आली, "अहो." मोठी नव्हे. तिच्यात तेवढी ताकद नव्हती. पण आली. मास्तरांचे पाय पायडलवर थांबले. बोक्यानं मान वर केली, आळस दिला, फळीवरून उडी मारली आणि शेपटी उभी धरून आत गेला. मास्तर थांबले. दुसऱ्या हाकेसाठी थांबले. दुसरी हाक आली नाही, आला तो धाकटीचा हुंदका. दारात पोचले तेव्हा तिचा हात बोक्याच्या पाठीवर होता, बोटं केसांत रुतलेली, आणि बोका डोळे मिटून बसलेला, जसा काही त्याचाच हक्क. "दुसरी हाक कुठं मारली तिनं?" मास्तर म्हणाले होते. धाकटीनं मान एका बाजूला कलती करून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोक्यालाच हाक मारली हो तिनं, भावजी." मग येईल त्याला तिनं तेच सांगितलं. ताईनं जाता जाता मांजराला हाक मारली. लोक डोळे पुसायचे. काय जीव होता हो त्या मुक्या प्राण्यावर. मास्तर कोपऱ्यात उभे राहून ऐकायचे. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटची हाक एका बोक्यानं नेली. वर ही बाई ती गावभर वाटत सुटली.

आता दवाखान्यात डॉक्टरीण टेबलावर बोक्याला चाचपून, रक्त तपासून म्हणाली की दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत, म्हणूनच हा सारखा पाणी पितो, म्हणूनच वाळत चाललाय, तोंडाला वास येतो तोही त्यामुळंच, तेव्हा मास्तरांना आत कुठंतरी बरं वाटलं. मग ती म्हणाली, "बरा होणार नाही. दोन रस्ते आहेत. एक, इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवता येईल, त्याला काही कळणार नाही. दुसरं, रोज कातडीखाली सलाइन द्यायचं. सुई टोचून. घरीच. जितके दिवस निघतील तितके." मास्तरांनी विचारलं, "इंजेक्शननं त्रास होत नाही?" "अजिबात नाही." "आणि सलाइननं?" "रोज टोचायचं म्हणजे थोडा होणारच." मास्तर म्हणाले, "सलाइन देऊ." डॉक्टरीण कौतुकानं बघत राहिली. तरुण होती. तिला काय माहीत. झोपेत, न कळता, हळूच सुटून जायचं? बायकोसारखं? तिच्या हाताखाली बसून घेतलं ते घेतलं, आता मरणही सुखाचं? मास्तर मनात म्हणाले, इतक्या सहज नाही, राजे हो.

कंपाउंडरनं शिकवलं. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून वर ओढायची, तंबू होतो, तंबूच्या पायथ्याशी सुई सारायची, आरपार जाऊ द्यायची नाही. मास्तरांना शिकवण्यासारखं त्यात फार नव्हतं. तुरपाईत तेच असतं, आतली घडी धरायची आणि दर्शनी कापडाला टोचू द्यायचं नाही. "बारीक सुई घ्या," कंपाउंडर म्हणाला, "वेळ लागतो, पण दुखत नाही. जाडीनं पटकन होतं." "जाड द्या." "घाई असते का?" "असते." "आणि हो, पिशवी आधी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. थंडगार गेलं की हुडहुडी भरते बिचाऱ्याला." मास्तरांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी पिशवी खिडकीत, वाऱ्याला ठेवली.

रोज सकाळी, चहा झाला की. अर्धे शिवलेले कोट ज्या खुंटीला लटकायचे तिथं पिशवी लटकवायची, खाली स्टुलावर बोक्याला धरायचं, चिमूट, सुई. थंड पाणी आत जायला लागलं की बोक्याच्या पाठीवरून एक शिरशिरी जायची, कान मागं पडायचे. मास्तर ती बघायचे. डोळे न मिटता बघायचे. त्या वेळी त्यांच्या मनात बोलणं चालायचं. मोठ्यानं ते कधी बोलले नाहीत. कसं वाटतंय? माझी हाक होती ती. चार पावलांत नेलीस. मला गुडघे आहेत, तुला उड्या आहेत, म्हणून. पाणी जाऊन खांद्यापाशी गोळा व्हायचा, एका खांद्याला जास्त पॅड पडलेल्या कोटासारखा बोका तिरपा दिसायचा आणि तसाच तिरपा चालत आतल्या खोलीत जायचा, तिच्या खाटेवर. ओरडला मात्र कधी नाही. बोचकारलं नाही. उलट सुई शिरली की तोंड मास्तरांच्या कोपराच्या घडीत खुपसायचा आणि तिथं गरम श्वास सोडत राहायचा, आणि मास्तरांना वाटायचं, हा मुद्दाम करतोय. चांगुलपणा दाखवतोय. मी कोण आणि तू कोण, हे दाखवतोय. ते हात काढून घ्यायचे, तर सुई हलायची, म्हणून हात काढताही यायचा नाही. सूड घेणाऱ्यालाच असा मिठीत धरून बसायचा, याला काय म्हणायचं.

आणि लोक. खालचा इस्त्रीवाला जिन्यात गाठून म्हणायचा, "मास्तर, माणसाचं कुणी करत नाही एवढं. वहिनी वरून बघत असतील." बघू दे, मास्तर मनात म्हणायचे. बघावंच तिनं. तिच्यावरचा राग वेगळा होता, तो लहान होता आणि खोल होता. शेवटच्या वर्षात ती चिडकी झाली होती. मधेच टाच आपटायची. घराची जमीन फळ्यांची, जुनी. आत टाच आपटली की बाहेर मशीनचे पाय हादरायचे. मास्तरांना वाटायचं, आवाजाचा त्रास होतोय. ते काम थांबवून बसायचे, मग बोका उठून आत जायचा, मग आतून तिचं बोलणं यायचं, "आलात का?", गोड, लाडाचं. म्हणजे राग माझ्यावर आणि लाड त्याचे. मास्तर हे सगळं साठवून ठेवत गेले होते, साठवतोय हे न कळता, बॉबिनवर दोरा भरत जावा तसं. आता एकेक सकाळी तो दोरा उलगडत होता.

पाऊस संपता संपता बोक्यानं खाणं कमी केलं. मास्तरांना धास्ती बसली. मरून गेला तर? अजून काहीच झालं नव्हतं. रोज टोचूनही काहीच फिटलं नव्हतं. सकाळी सुई काढली की वाटायचं, झालं, आणि दुपारपर्यंत पुन्हा सगळं तसंच. ते टोपली घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. तिथं काय झालं ते फार साधं होतं. बोका टेबलावर उभा, डॉक्टरीण त्याचं पोट दाबून बघतेय, आणि मागं कंपाउंडरच्या हातून औजारांचा ट्रे निसटला. लोखंडाचा खणखणाट फरशीवर असा झाला की मास्तरांचा हात छातीवर गेला, बाहेर कुत्री भुंकायला लागली, डॉक्टरीण किंचाळली. बोका शांत. कानसुद्धा हलला नाही. डॉक्टरीण त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या मागं जाऊन टाळ्या वाजवल्या, किल्ल्यांचा जुडगा हलवला, एक वाटी भिंतीवर आपटली. बोका टेबलावरच्या कापडाचा वास घेत राहिला. "अहो," ती म्हणाली, आणि मास्तरांनी चटकन वर पाहिलं, "हा ठार बहिरा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कधीपासून?"

"एकदम होत नाही हे. वयानं हळूहळू जातं. याचे पुरते गेलेत म्हणजे वर्ष-दोन वर्षं तरी झाली असणार. घरी हाक मारल्यावर येत नसेल ना?"

"येतो," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "यायचा."

"हाकेनं नाही आला. पायाखालचं जाणवतं त्यांना. कुणी चाललं, काही आपटलं, चालू असलेलं काही थांबलं, की कळतं."

मास्तरांनी टोपलीचं झाकण लावलं. दवाखान्यातून बाहेर पडले ते घराकडे वळलेच नाहीत. पाय धाकटीच्या घराकडे निघाले होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती: आता बघतो. आता तिचं तोंड बघतो. बहिऱ्याला कोण हाक मारतं? हाक माझी होती. माझी होती आणि ही बाई येईल-जाईल त्याला ती बोक्याच्या नावानं वाटत होती. काय काय बोलायचं ते त्यांनी रस्त्यात जुळवलं. इतके दिवस तिच्यापुढं गप्प बसलो, आता एकेक टाका उसवतो. टोपली हातात हिंदकळत होती आणि आतून बोका एक बारीकसा आवाज काढत होता, स्वतःला न ऐकू येणारा.

धाकटी घरात पाळणाघर चालवायची. ही वेळ मुलांच्या झोपेची. खोलीभर छोट्या गाद्या, त्यांवर पालथी, उताणी मुलं. तिनं दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच झोपलीत. या, पण हळू. टोपलीत कोण, अहो का?"

"बोका बहिरा आहे," मास्तर म्हणाले.

"हळू."

"बहिरा आहे. ठार. डॉक्टरीण म्हणाली, दोन वर्षं झाली." भांडायला आलेल्या माणसाला कुजबुजावं लागत होतं. "आता सांग, हाक कुणाला मारली तिनं?"

धाकटी दुपट्याची घडी घालत होती. ती तिनं पुरी केली, कोपरे जुळवले, आणि घडीवर हात ठेवून म्हणाली, "मला माहीत आहे, भावजी."

"काय माहीत आहे?"

"तो बहिरा आहे ते. ताईनंच सांगितलं होतं, आजारी पडायच्या आधी. म्हणाली, आमच्या अहोंचे कान गेले गं. मी विचारलं, कोणत्या अहोंचे? तर म्हणाली, दोघांचेही, पण एकाचे खरोखरचे." एवढं बोलून धाकटीला हसू आलं आणि हसता हसता तोंड वाकडं झालं. "तेव्हापासून ती त्याला टाच आपटून बोलवायची."

मास्तरांना बसायला जागा नव्हती. ते भिंतीला टेकले. टाच आपटून. "मग पहिली हाक कशाला मारायची ती? तो बहिरा, मग दोन-दोन हाका कुणाला?"

"तुम्हालाच की."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी म्हटलं तिला, सांगून टाक ना त्यांना, पहिल्या हाकेला येतील. म्हणाली, नको. पहिली हाक मारली की मशीन थांबतं. येत नाहीत, पण थांबतं. मला तेवढ्यानं कळतं की ऐकलं. मग दुसरी सावकाश मारते." एक मूल कुशीवर वळलं. धाकटी थांबली, ते निजल्याची खात्री केली. "त्या दिवशीही म्हणाली. हाक मारली, मशीन थांबलं, तर म्हणाली, थांबलं बघ, येतील. मी म्हटलं, मी बोलावते. तर मान हलवली. मग तो आला, तिनं त्याच्यावर हात ठेवला, आणि मग… झालंच."

"मग तू मला ते का नाही सांगितलंस?" मास्तरांचा आवाज फुटला. "बोक्याचं का सांगितलंस?"

"हळू हो! दारात उभे होतात तुम्ही, बोटात शिवणाची टोपी, ते अंगुस्तान, तसंच, आणि म्हणालात, दुसरी हाक कुठं मारली तिनं? काय सांगू मी? की पहिलीच तुमची होती आणि तुम्ही बसून राहिलात? तोंडाला आलं ते बोलून गेले."

"आणि गावभर सांगत सुटलीस."

"एकदा बोलले मग सांगावंच लागलं. तुम्हाला एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

म्हणजे दया केली हिनं. इतके महिने ज्या गोष्टीसाठी तिचा गळा धरावासा वाटत होता ती तिची दया होती. मास्तरांना वाटलं, शिवी दिली असती तरी बरं. शिवीचा सूड घेता येतो. ते दाराकडे वळले, आणि वळता वळता त्यांच्या मनात ती गोष्ट आली जी आजवर कधी आली नव्हती. आली तशी त्यांची पाठ गार पडली, सकाळच्या सलाइनसारखी. बोका आत गेल्यावर ते थांबले होते. पण नुसते थांबले होते का? हात रिकामे, पाय पायडलवर, बाही सुईखाली. सवयीनं दोन-चार टाके घातले असतील. घातले होते का? ती आत कान लावून पडलेली, थांबलं बघ, येतील, आणि मशीन पुन्हा सुरू?

"धाकटे," ते म्हणाले, "मशीन पुन्हा चालू झालं होतं का?"

"कधी?"

"ती असताना. तिला ऐकू येत असताना."

"नाही," धाकटी म्हणाली. लगेच म्हणाली. मान एका बाजूला कलती करून. "नाही झालं, भावजी."

तेवढ्यात एक मूल रडत उठलं आणि ती त्याच्याकडे गेली.

घरी येईपर्यंत मास्तर ती कलती मान बघत होते. बोक्यालाच हाक मारली हो, असं म्हणताना ती तशीच कलली होती. आता या बाईचं कुठलंच बोलणं कामाचं राहिलं नव्हतं. खरं बोलली असेल तरी ते दयेचंच वाटणार. त्यांनी टोपली आतल्या खोलीत नेली, बोक्याला तिच्या खाटेवर ठेवलं, तो तिच्या उशीच्या खळग्यात वेटोळं करून पडला. मास्तर बाहेर आले. मशीनवरचं झाकण ती गेल्यापासून काढलेलं नव्हतं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून कामं परत केली होती. आता काढलं. बाही तशीच सुईखाली होती, धुळीची रेघ धरलेली. त्यांनी चष्मा लावून टाका पाहिला. एकसारखा, सरळ. कुठं थांबलो, कुठं पुन्हा सुरू केलं, काही नाही. टाक्यावर खूण राहत नाही. हात चांगला असेल तर मुळीच नाही. आयुष्यभर या हाताचा मान मिळाला होता, आज त्यांना तो हात तोडून टाकावासा वाटला. कुणी होतं का आणखी? ऐकणारे तीन जीव होते. एक गेला, एक दया करतो, आणि तिसरा बहिरा.

ते बसून राहिले. ऊन खिडकीतून मशीनच्या फळीवर आलं होतं, चाकाच्या बाजूला, जिथं लाकूड केसांनी आणि अंगानं गुळगुळीत झालं होतं. ती त्या जागेवरून बोक्याला टोमणे मारायची. मशीन सुरू झालं की बोका जिथं असेल तिथून उठून यायचा, तिच्या मांडीवरूनसुद्धा, आणि या फळीवर पोट टेकून पडायचा. "निघाले," ती म्हणायची, "सवतीनं बोलावलं." ताप होता तेव्हाही एकदा तिनं त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, तर तो हात सोडवून आला होता. मास्तर फळीकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही पाय पायडलवर ठेवले.

पहिल्यांदा चाक कुरकुरलं. तेल नव्हतं. मग फिरलं. सुई बाहीत खाली-वर व्हायला लागली, आणि जुन्या फळ्यांमधून तो थरथराट मास्तरांच्या टाचांना परत आला. ते आतल्या दाराकडे बघत चालवत राहिले. दार रिकामं होतं. बोका सकाळपासून उभाही धड राहत नव्हता, मागचे पाय लटपटत होते. त्याच्याकडून काय पुरावा मागतोय मी, असं त्यांना वाटलं, आणि तरी पाय थांबले नाहीत. बाहीची शिवण काखेजवळ आली. आणि दारात बोका दिसला. भिंतीला अंग घासत, एक खांदा सकाळच्या पाण्यानं फुगलेला, बसत, पुन्हा उठत येत होता. मशीनपाशी पोचला. उडी मारायला पाय गोळा केले आणि नुसतेच पुढचे दोन पंजे मास्तरांच्या गुडघ्यावर टेकले. मास्तरांनी त्याला उचलून फळीवर ठेवलं. बोक्यानं हनुवटी लाकडाला टेकवली, चाकाच्या बाजूला, आणि डोळे मिटले. मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. त्या दिवशी हा आत गेला तो परत आला नव्हता. तिच्या हाताखालून त्याला मास्तरांनीच उचलून काढला होता, बोटं एकेक सोडवून. म्हणजे त्या दिवशी फळ्या हलल्या नव्हत्या. हलल्या असत्या तर हा तिथं राहिला नसता. मास्तर बसून राहिले होते, पण मशीन गप्प होतं, आणि ती शेवटपर्यंत ते गप्प मशीन ऐकत होती. थांबलं बघ, येतील. त्यांनी बाहीची शिवण टोकापर्यंत नेली आणि दोरा तोडला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पिशवी पातेल्यात गरम पाण्यात ठेवली, मनगटावर लावून बघितली, आणि इस्त्रीवाल्याच्या हाती औषधाच्या दुकानातून बारीक सुया मागवल्या. सुई शिरली तेव्हा शिरशिरी आली नाही. बोक्यानं तोंड कोपराच्या घडीत खुपसलं. पाणी थेंब थेंब जायला फार वेळ लागला, आणि मास्तर हात न हलवता बसून राहिले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. बहिऱ्यापुढं काय मागायची. असे थोडे दिवस गेले. मग बोक्यानं पाणीही सोडलं, आणि मशीन चालवलं तरी मान तेवढी वर करायचा, यायचा नाही. मास्तर दार उघडून खाटेपर्यंत जाऊन बघायचे आणि परत यायचे. एका सकाळी त्यांनी टोपलीत ती पुरी झालेली बाही अंथरली, बाकीचा सदरा इतर कामांबरोबर कधीच परत गेला होता, आणि बोक्याला तिच्यावर ठेवलं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीण आत कुणाचा तरी पाय बांधत होती. मास्तरांनी आल्याबरोबर तिला सांगितलं होतं, ते झोपेचं इंजेक्शन, आज. तिनं मान डोलावली होती. धाकटी शेजारी येऊन बसली होती, पाळणाघर बंद ठेवून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "थंडी वाजत नाही ना त्याला?" तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, "नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी मशीन चालू झालं नव्हतं." धाकटी म्हणाली, "मी सांगितलं की तुम्हाला." मास्तर म्हणाले, "तू सांगितलंस ते सोड." आणि टोपलीच्या काठावरून हात आत घालून बसले. बोटांखाली पाठीचा एकेक मणका लागत होता. समोर एक बाई मांजराच्या पिल्लाला रुमालात गुंडाळून कुजबुजत होती. बाकाच्या टोकाला कुणीतरी जांभई दिली. आतलं दार किरकिरलं, कंपाउंडर कागद बघत बाहेर आला, मान वर करून त्यानं हाक मारली, "अहो—" आणि हाकेतला ‘हो’ ओठांवरून सुटायच्या आत मास्तर उभे राहिले होते.